मोहाखालचं गवत

गडचिरोलीत फारूकभाऊंचा धंदा ऐकून नवखा माणूस आधी हसतो. हा गृहस्थ गवत शिवतो. गाईने खाऊ नये आणि पावसाने वाढू नये असलं प्लास्टिकचं गवत लोक हल्ली हौसेने अंगणात अंथरतात. मग कुत्रं ते उकरतं, उन्हाने सांधे सुटतात आणि फारूकभाऊंना फोन जातो.

बाप पिंजारी. लग्नसराईत खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे आणि लहानगा फारूक मागे मागे. कुणाच्याही अंगणात बसून तारेचा टँव टँव सुरू झाला की आळी गोळा व्हायची. कापूस उडून बापाच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. पुढे फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजण भिंतीवर गेली. आजही कुठे कापसाचा वास आला की फारूकभाऊंची पावलं थांबतात. एका बंगल्यात कुत्र्याने फाडलेलं गवत त्यांनी गादीच्या दाभणाने शिवून दिलं, तेव्हापासून हेच काम. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. यांच्या वाट्याला काडीही प्लास्टिकची आली.

फाल्गुनात आशाबाईंचा फोन आला. "फारूकभाऊ, लवकर या. आदेश संध्याकाळी येऊन राह्यला."

आदेश त्यांचा एकुलता एक मुलगा, नागपुरात नोकरीला. त्याने जुनं कौलारू घर पाडून बंगला बांधला आणि आईला सारवणाचा त्रास नको म्हणून अंगणभर गवत अंथरलं. मोहाचं झाड तेवढं आशाबाईंनी भांडून राखलं. त्या मोहाखाली आता गवताला टोपल्याएवढं भोक पडलं होतं, कडा वितळून काळ्या झाल्या होत्या.

"हे कशानं जळलं, बाई?"

"पहाटे मोहाचा वास आला," आशाबाई पदर पिळत म्हणाल्या. "उठली, पाला झाडला अन् काडी लावली. खाली भुई नाई, हे ध्यानातच नाई राह्यलं."

फुलं वेचता यावीत म्हणून मोहाखालचा पाला आधी जाळून घ्यायचा, हे या जंगलात कुणाला शिकवावं लागत नाही. आशाबाईंनी जन्मभर तेच केलं. बंगला झाला हे हातांना कुणी सांगितलं होतं?

"मागं गॅस चालू राह्यला होता. आता काई झालं त नागपूरलेच नेतो म्हणे. भाऊ, तिथी तिसऱ्या माळ्यावर मी काय करू? त्याले हे दिसू देऊ नका."

नवा तुकडा लावला असता तर उन्हाने विटलेल्या गवतात तो लगेच उठून दिसला असता. म्हणून फारूकभाऊंनी भिंतीलगतचा, तसाच विटलेला तुकडा कापून मोहाखाली बसवला. नवा भिंतीकडे लावला आणि त्यावर आशाबाईंची बाज ओढली. गवताची लव एका अंगाला झुकलेली असते. ती उलटी पडली की आंधळ्यालाही ठिगळ कळतं. त्यांनी लव जुळवली, टाके घातले, वरून हात फिरवला. भोक कुठे होतं ते आशाबाईंनाही सापडेना.

चहा देताना त्या म्हणाल्या, "आदेशच्या पाळण्यातली गादी तुमच्या अब्बांनी इथंच भरली. पिंजण याच फांदीले टांगली होती. तुमी फुलं खाऊन पोट धरून रडत होते."

फारूकभाऊंनी वर पाहिलं. फांदी तीच होती. त्यांचे डोळे भरले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

तेवढ्यात आदेशची गाडी आली. त्याने अंगणभर नजर फिरवली, त्याला काही कळलं नाही. पण बूट काढायला तो धपकन बाजेवर बसला, बाज सरकली आणि खालून हिरवागार तुकडा उघडा पडला.

"इथी नवं काऊन लावलं?"

"सांधा उसवला होता, साहेब," फारूकभाऊ घाईने म्हणाले.

आशाबाईंनी कप खाली ठेवला. "नाई. माह्यासाठी भाऊनं कायले खोटं बोलावं? मोहाखाली मीनंच पाला जाळला, गवतही जळलं. ने मले नागपूरले."

भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं फारूकभाऊंना झालं. पण त्या अंगणात भुई होती कुठे!

आदेश उठून मोहाखाली गेला, उकिडवा बसला. गवतावर मोहाची फुलं पडली होती. त्याने एक उचलून हुंगलं.

"मी पाठीशी बांधला असायचो अन् तू पाला जाळायची," तो म्हणाला. "त्या धुरात मले झोप लागायची, आई." मग तो फारूकभाऊंकडे वळला. "भाऊ, हे गवत काढा."

"अहो, आत्ताच त लावलं!"

"काढा. मोहाची फुलं जिथवर पडते, तिथवर काढा."

फारूकभाऊंनी आपलेच टाके उसवले. इतकं सुरेख काम मोडताना एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता. उरलेल्या कडेला त्यांनी गादीसारखी गोट मारली. उघड्या पडलेल्या पांढऱ्या, दडपलेल्या मातीवर आशाबाईंनी तांब्याभर पाणी शिंपडलं.

"मंग नागपूर?" त्यांनी मातीकडेच बघत विचारलं.

"मोह वेचून होऊ दे. मंग पाहू."

"मोह त दरसाल पडते, बाबू."

"मंग दरसाल पाहू," आदेश म्हणाला आणि कोपऱ्यातला खराटा उचलून पाला झाडू लागला.