नावाचं भांडण

१६ जुलै १९९५, रविवार. पोह्यांसाठी कांदा चिरून झाला होता आणि पाहुणे यायच्या आत नवऱ्याचा पूलचा क्यू, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या त्या खेळाची काठी, पुसायचा होता. फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, निमुळत्या भागावरून फिरवायचं, आणि लगेच कोरड्या फडक्याने लाकूड गरम होईपर्यंत घासायचं. नाहीतर सिंगापूरच्या हवेत ते वाकतं. एरवी या काठीला तो मला हात लावू देत नसे. त्या वर्षी त्याने न बोलता फडकं माझ्या हातात दिलं होतं. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं, कारण तो खेळतच नव्हता. तरी मी दर रविवारी पुसत होते.

त्याचा डावा हात थरथरायला लागला होता. क्यू ढकलतो उजवा हात, पण टेबलावर टेकून त्याला वाट देतो तो डावा. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि तो वाढतच जाणार हेही सांगितलं. नवरा जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर होता. कुठलंही यंत्र ‘बघू, होईल’ म्हणून सोडणारा माणूस नव्हे. बाहेर येऊन तो म्हणाला, “मित्रांना सांगायचं नाही. कळलं की ते मला सांभाळून घ्यायला लागतील.” मित्रांना खांदा दुखतोय असं सांगितलं. खेळ बंद झाला, पण रविवारची बैठक आमच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये चालू राहिली.

बैठकीत दोघंच यायचे. एक आमचे मुंबईचे कॅप्टन, जहाजावरून निवृत्त झालेले पण आवाज अजून डेकवरचा. दुसरे खालच्या मजल्यावरचे चिनी अंकल, टॅक्सी चालवायचे. आणि विषयही एकच, क्यू बनवणाऱ्या कारागिराच्या नावाचा उच्चार. क्यूच्या बुडाशी ते नाव कोरलेलं होतं. इथे ते लिहीत नाही. कसंही लिहिलं तरी तिघांपैकी दोघांना चुकीचं वाटेल.

कॅप्टन म्हणत, शेवटचं अक्षर गिळायचं. कारागिराच्या देशातल्या बंदरांत त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं म्हणे. अंकल म्हणत, गिळायचं कसलं, तेच तर लांबवायचं. त्यांच्या टॅक्सीत बसलेल्या एका अमेरिकनाने तसं म्हटलं होतं. नवऱ्याचा पुरावा सगळ्यांत भारी होता. क्यू त्याने त्या कारागिराच्या वर्कशॉपमधूनच घेतला होता, आणि तेव्हा फोन वाजला तर त्या माणसाने तो उचलून स्वतःचं आडनाव सांगितलं होतं.

“जांभई देत असेल,” कॅप्टन म्हणायचे.

“तोंडात खाणं असेल लाह!” अंकल. वाक्याला ‘लाह’ची शेपटी लावायची ही इथली सवय.

“त्याचं स्वतःचं नाव आहे ते! त्याला येत नाही आणि तुम्हाला येतं?”

“असतात अशी माणसं. तुला तरी तुझं गाव नीट म्हणता येतं का?” कॅप्टन.

आतून आमची मुलगी ओरडायची, “बाबा, इट्स जस्ट अ नेम लाह!” त्यावर तिघं मिळून तिच्यावर तुटून पडायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. मला त्या नावाशी काही देणंघेणं नव्हतं. पण डॉक्टरांकडून आल्यापासून मी पोहे परतताना कान देऊन ऐकत असे. भांडण जोरात असलं म्हणजे अजून काही बदललं नव्हतं.

त्या रविवारी भांडण चांगलं रंगलं होतं. कॅप्टन म्हणाले, “आण रे तो क्यू, जोडून दे. अक्षरं पुन्हा एकदा बघू.” मी हातातली बशी ठेवून पुढे झाले, पण नवऱ्याने क्यूची पेटी आधीच उघडली होती. दुसऱ्याच्या क्यूला हात लावायचा नाही, मालकानेच त्याचे दोन भाग स्क्रूने जोडून द्यायचे, ही त्यांची पद्धत. मी जोडला असता तर तेही विचित्र दिसलं असतं.

त्याने दोन्ही भाग समोरासमोर धरले. स्क्रू भोकाच्या कडेवर आपटायला लागला. टकटकटक. त्याने श्वास रोखला, कोपर पोटाशी दाबलं. पुन्हा तेच. अंकल क्यूकडे बघत होते, कॅप्टन नवऱ्याच्या डाव्या हाताकडे. पंख्याच्या घरघरीतही तो आवाज ऐकू येत होता. शेवटी त्याने दोन्ही तुकडे पेटीत ठेवले आणि हात मांडीखाली घेतला.

कॅप्टननी खाकरून घेतलं. “तुझंच बरोबर असणार रे,” ते म्हणाले. “तू तर तिथे होतास.”

“येस, येस,” अंकल घाईने म्हणाले. “यू करेक्ट.”

“अरे, पण तुमचा तो अमेरिकन?” नवऱ्याने विचारलं. जवळजवळ विनवणीच होती ती.

“टूरिस्ट लाह. त्याला काय माहीत?”

पोहे दोघांनी संपवले, एरवी कधी करत नसत ते कौतुकही केलं. निघताना अंकलनी चपला घालता घालता नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, जपून, दुखणारा खांदा असल्यासारखा. दार लागल्यावर नवरा म्हणाला, “जिंकलो बघ.” मग तो खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मी जेवायला हाक मारली, तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो अंघोळीला गेल्यावर, मी कॅप्टनना फोन केला. आजार काय आहे ते दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हटलं, “पुढच्या रविवारी या, आणि नेहमीसारखं भांडा. त्याला बरोबर म्हणू नका.”

पलीकडे त्यांनी चालू असलेला रेडिओ बंद केला. मग म्हणाले, “वहिनी, जमणार नाही हो. ‘तू चूक’ असं माझ्या तोंडून निघायचंच नाही आता.”

“प्रयत्न करा.”

“क्यू तेवढा जपा,” ते म्हणाले, आणि पाठोपाठ त्यांनी त्या कारागिराचं नाव घेतलं, हुबेहूब माझ्या नवऱ्यासारखं. “ओलाव्यात वाकायला नको.”

मी फोन ठेवला. क्यूचे दोन्ही तुकडे पुसून पेटीत घातले, पेटी कपाटावर मागे आडवी सारली, नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावून दिली आणि एमआरटीची गाडी पकडून ऑफिसला गेले.