पेटवे मास्तरांची एका रात्रीची रजा

अलोन्झो पेटवे मला शिकागोच्या रेल्वे यार्डात पहिल्यांदा दिसले, तेव्हा वाटलं, डब्यालाच पाय फुटलेत. ते बोळात शिरले की हवेला दुसऱ्या दाराने बाहेर पडावं लागे. झोपण्याच्या डब्यात प्रवाशांची अंथरुणं घालणारे, त्यांची सरबराई करणारे आम्ही पोर्टर; मी नवा, ते माझे मास्तर. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच चादर चारशे वेळा घालायला लावली आणि म्हणाले, "आता खेचर झोपेल यावर. माणसाचं बघू उद्या."

एकोणीसशे पन्नास साली झोपण्याचे नवे पोलादी डबे आले आणि मास्तर नवरदेवासारखे मिरवले. दहा खोल्या एकट्याच्या, सहा दोघांच्या. एकट्याच्या खोलीत पलंग भिंतीतून खाली येई, तो थेट संडासावर. रात्री गरज लागली तर बोळात उभं राहून पलंग वर उचलायचा. "हे सुचलं त्याचा कोठा पक्का असणार," मास्तर म्हणत.

एकतीस वर्षं ते परक्यांची अंथरुणं घालत होते आणि त्यांची बायको, मिस ओडेसा, महिन्यातल्या वीस रात्री घरी एकटी. सत्तावन्न साली डॉक्टरांनी तिच्या बाबतीत हात टेकले. तिने एकच मागितलं: दोघांच्या खोलीतून डेन्व्हर, बहिणीकडे. "एक रात्र मलाही प्रवासी समज."

मास्तरांनी रजा घेतली. त्या रात्री डबा माझ्याकडे होता.

"मास्तर, आज हात खिशात."

"ही चादर तिरकी आहे रे."

"अलोन्झो," आतून मिस ओडेसा म्हणाली, "डबा त्याचा आहे. तू आत ये."

ते आत गेले. प्रवासी आम्हा सगळ्या पोर्टरांना 'जॉर्ज'च म्हणत. खरं नाव विचारायची पद्धत नव्हती. साडेदहाला कुणीतरी ओरडलं, "जॉर्ज!" मी धावत पोचलो, तर मास्तर बनियनवर पाण्याचा पेला घेऊन हजर.

"अलोन्झो?"

"आलोच गं, एक मिनिट."

मग कुणाच्या बाळाची बाटली, कुणाची जास्तीची उशी, एका विक्रेत्याची ओकारी.

"मास्तर, पाया पडतो, आत जा."

"घंटी वाजते रे. ऐकू येत असताना पडून कसा राहू?"

उजाडलं तेव्हा मिस ओडेसा हॅट घालून खिडकीशी बसली होती. मास्तर कुणाची तरी बॅग हातात घेऊन दारात उभे. वरच्या, मास्तरांच्या पलंगावर एक सुरकुती नव्हती.

"तशीच राहिली गं गादी."

"राहू दे. तेवढंच धुणं कमी."

फेब्रुवारीत ती गेली. मास्तर ड्यूटीवर होते. तार त्यांना दुसऱ्या दिवशी मिळाली.