मधल्या भागाचे माप

आग्रह हा मायेचा अलंकार आहे, असे आपण मानतो. ज्याच्यावर जीव जडला त्याला धरून ठेवावे, हे मनुष्यस्वभावाला साजेसेच आहे. परंतु अनाग्रह नावाचा एक दुर्मीळ गुण असतो; त्यात माया उणावत नाही, केवळ तिची पकड सैल होते. मृत्तिकापरीक्षणाच्या प्रयोगशाळेत उभा जन्म घालवलेल्या एका बाईंच्या ठायी तो होता. त्यांच्या सुनेने तो जवळून पाहिला, कारण ती त्यांच्याच हाताखाली काम करीत असे.

प्रयोगशाळेत ती त्यांना ‘मॅडम’ म्हणे, घरी ‘आई’. दाबयंत्र सांभाळणारे मिस्त्री थट्टेने म्हणत, “सासू-सुना एका चुलीपाशी पाहिल्या होत्या, एका भट्टीत माती वाळवताना पहिल्यांदाच पाहतोय!”

“आणि कुणी करपू दिली, तर बोलणी तुम्हालाच बसतील,” बाई म्हणत.

मातीचा वीतभर दंडगोल कापायचा, धातूच्या दोन तबकड्यांमध्ये दाबायचा आणि तो किती आखडतो ते मोजायचे, हे तिथले नित्यकर्म. वरून दाबलेली माती बाजूंना पसरू पाहते. पण टोकांशी तबकडीचे घर्षण तिला धरून ठेवते. मग टोके जागच्या जागी राहतात आणि सारे सोसून मधला भाग पिंपासारखा फुगतो. एकूण आखडण्याला उंचीने भागले की जी सरासरी येते, ती धड टोकांची नसते, धड मध्याची. म्हणून बाई तबकड्या आरशासारख्या घासून घेत, त्यांवर वंगणाचा पुसटसा हात फिरवीत आणि वर पातळ रबराची चकती ठेवीत. “दाबायचं आपलं काम आहे,” त्या म्हणत, “जखडायचं नाही.”

त्या वर्षी सुनेला दूरच्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचे बोलावणे आले. नवऱ्याची तयारी होती. सासरे केव्हाच निवर्तले होते. म्हणजे दोघे गेल्यावर घरात आई एकट्याच. हे त्यांना सांगावे कसे, ते सुनेला कळेना. आज सांगू, उद्या सांगू, असे करता करता होकार कळवण्याची मुदत तोंडावर आली.

त्याच दिवसांत एका पुलाच्या पायाखालची माती तपासणीला आली. खांब किती खचेल, हे तिच्यावरून ठरायचे होते. सुनेचे मन थाऱ्यावर नव्हते. मातीची कुठेही अडवणूक नको, म्हणून तिने वंगण सढळ हाताने थापले, चकत्याही दुहेरी घातल्या. नमुना शेवटपर्यंत सरळसोट राहिला, फुगवटा म्हणून नाही. पण आकडे पाहून तिचा चेहरा उतरला. अगदी आरंभीच्या हलक्या दाबालाच माती भसकन बसली होती.

“मॅडम, ही माती फारच मऊ आहे. पुलाचं काही खरं नाही.”

बाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि तबकडीच्या कडेवरून बोट फिरवले. बोट बुळबुळीत झाले.

“माती नाही बसली गं. वंगण बसलं, रबर चेपलं. ते सगळं तू मातीच्या नावावर लावलंस.”

“टोकांना घर्षण नको म्हणून…”

“ते बरोबरच. पण म्हणून लोण्याचा गोळा थापायचा?” बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “घरीसुद्धा हल्ली तुझं हेच चाललंय. ‘आई, तुम्ही बसा. आई, तुम्हाला काही हवं का?’ आत काय आहे ते कळेल तर शपथ! काय झालंय?”

मिस्त्री पाना शोधण्याच्या निमित्ताने बाहेर गेले.

“आई,” सून म्हणाली. प्रयोगशाळेत हा शब्द तिच्या तोंडून प्रथमच निघाला, आणि मग सारेच सांगून झाले.

बाई बराच वेळ फडक्याला बोट पुसत राहिल्या.

“मला वाईट वाटणार,” त्या अखेर म्हणाल्या. “पुष्कळ वाटणार. ते मी लपवणार नाही, आणि तूही ते पुसायला बसू नकोस. पण त्यापायी थांबलीस, तर मात्र तुझ्याशी बोलणार नाही.”

“तुम्ही पण चला ना आमच्याबरोबर.”

“येईन की, पाहुणी म्हणून. कंटाळा आला की सासूसारखी वागेन, म्हणजे तुम्हीच परतीचं तिकीट काढून द्याल.”

सून हसता हसता रडली.

“डोळे पूस आणि दुसरा नमुना काप. ओल उडून जाईल त्याची.”

दोघींनी मिळून नवा नमुना लावला. वंगण नावापुरते, चकती एकेरी. आणि या वेळी बाईंनी नमुन्याच्या मधल्या भागावर दोन इवले मापक बसवले. टोकांशी काहीही घडो, माती स्वतः किती आखडते ते तिच्या मध्यालाच विचारावे, हा हेतू. माती चांगली घट्ट निघाली. त्याच संध्याकाळी सुनेने होकार कळवला.

निरोपाच्या दिवशी बाई दाराशी उभ्या राहून मोकळेपणी रडल्या, आणि त्यांनी कुणालाही थांबवले नाही. पुढे कित्येक वर्षे त्या पाहुण्या म्हणून जात-येत राहिल्या आणि अखेरीस आपल्याच घरी, झोपेत गेल्या. सून त्या दूरच्या प्रयोगशाळेत अजून काम करते. जड गोष्ट सांगायची असली की ती आता दिवस लोटत नाही. कळते त्याच दिवशी सांगते.