शेवट सांगायचा नाही

आम्हा दोघी बहिणींच्या सिनेमावेडाची गोष्ट सांगितली की लोक हसतात. नटनट्यांची लग्नं, त्यांची भांडणं, यात आम्हाला काडीचा रस नाही. आम्हाला रस आकड्यांत. सिनेमाने पहिल्या दिवशी किती गल्ला केला, रविवारी किती चढला आणि सोमवारी टिकला की आपटला. माझे मिस्टर चहा ओतता ओतता विचारतात, "तुमचे पैसे लागलेत का त्यात?" लागलेले नाहीत. पण तीन भाऊ, एक आत्या, एक लग्न आणि मधोमध जोरदार भांडण असा चांगला घरगुती सिनेमा दुसऱ्याच आठवड्यात उतरला, की माझा अख्खा दिवस वाईट जातो. त्या दिवशी वर्गातल्या मुलांनी जपून राहावं.

मी पेणला रामवाडीत राहते, शाळेत शिकवते. धाकटी बहीण रोह्याला दिली. नवरा तिकडच्या एका कारखान्यात, शिफ्टची नोकरी. दर सोमवारी मधल्या सुट्टीत, दीडच्या सुमाराला, मी तिला फोन करायचे. आदल्या दिवशी मी पेणला आणि तिने रोह्याला तोच सिनेमा बघितलेला असायचा. दोघींपैकी एकीचा राहिला असेल, तर दुसरीने शेवट सांगायचा नाही, हा आमचा नियम.

हा नियम आईचा. आमचे वडील खाडीकडच्या मिठागरावर कामाला होते आणि आईला दमा. ती कधी धापा टाकायला लागेल याचा नेम नसायचा, म्हणून आमच्यापैकी एकीने घरी थांबायचंच. पेणला सिनेमा लागला की एका रविवारी मी जायचे आणि पुढच्या रविवारी ती. दोघींनी मिळून एकही सिनेमा पाहिला नाही. एकदा मी परत आल्या आल्या शेवट सांगून टाकला, तर ही चार दिवस माझ्याशी बोलली नाही आणि तिच्या वाटणीच्या रविवारी गेलीच नाही. तेव्हा आईने ठरवून टाकलं, की जी शेवट सांगेल तिचा पुढचा सिनेमा बंद. आई गेली, आमची लग्नं झाली, नियम राहिला. खरं सांगायचं तर आईची म्हणून एवढी एकच वस्तू आमच्या दोघींकडे सारखी आली.

फोनवर आधी सिनेमाच जास्त असायचा. "ताय, आत्याचा तो हिरवा शालू बघितलास? बाजूची बाय रडून रडून समोसाच विसरली गो." मग आकडे. "शनिवारी शो वाढवले म्हणतात." "वाढवले, पण हिंदीवाला येतोय शुक्रवारी, स्क्रीन काढून घेतील बघ." आम्ही दोघी अशा काळजीने बोलायचो की निर्मात्याने ऐकलं असतं तर त्याला भरून आलं असतं.

दीडेक वर्षापूर्वी हे बोलणं बदलायला लागलं. शालू गेला, समोसा गेला, बाजूची बाई गेली. उरले फक्त आकडे. ते मात्र चोख. कधी कधी माझ्यापेक्षा तिलाच जास्त माहिती असायची. तिचा आवाज घुमल्यासारखा, लांबून यायचा. मी म्हणायचे, तुमच्या रोह्याचं नेटवर्क म्हणजे बघायलाच नको. आणखी एक गोष्ट व्हायची. फोन उचलला जायचा तेव्हा मागे टीव्ही मोठ्याने चालू असायचा, आणि ती बोलायला लागली की तो बारीक व्हायचा. ती स्वतः बारीक करत असती तर मधे थोडा वेळ गेला असता. तो तिच्या पहिल्या शब्दाबरोबर बारीक व्हायचा. मी मनात म्हणायचे, बघा, बायको बोलते म्हणून टीव्ही हळू करणारा नवरा. असं एकदा मी आमच्या ह्यांना टोमणा म्हणून ऐकवलंसुद्धा. आज ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

उन्हाळ्यात गडबला नात्यातला एक साखरपुडा होता. ती नवऱ्याबरोबर आली. थोडी वाळलेली वाटली, पण मी म्हटलं उन्हाचं असेल. त्याच महिन्यात आत्यावाला एक सिनेमा गाजला होता. सोमवारच्या फोनवर ती म्हणाली होती, बघितला, बघण्यासारखा हाय. म्हणजे नियम सुटला होता. जेवणाच्या पंगतीत मी तिला मोकळेपणाने विचारलं, "त्या आत्याचा शेवट पटला का गो तुला?"

ती पानाकडे बघत राहिली. उत्तर नवऱ्याने दिलं. "रडवलं हो ताई आत्याने. शेवटी अगदी रडवलं."

त्या सिनेमात शेवटी कोणीच रडत नाही. ज्या घरासाठी आत्या जन्मभर राबली, त्या घराची किल्ली ती देव्हाऱ्यात ठेवते आणि हसत बाहेर पडते. थिएटरात टाळ्या पडल्या होत्या. मी बहिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "व्हय, रडवलं."

मला राग आला. तोही कशाचा, तर तिने न बघता बघितला म्हणून सांगितल्याचा. आईच्या नियमाशी खोटं, माझ्याशी खोटं. दर सोमवारी ही पेपरातले आकडे वाचून दाखवते आणि मी वेडी, आम्ही दोघींनी काल एकच सिनेमा बघितला म्हणून खूश होते! दुसऱ्या कोणाला तिच्या चेहऱ्यावरचं काही दिसलं असतं. मला दिसला तो फक्त चुकलेला शेवट. पुढचे दोन सोमवार मी फोन केला नाही. चांगली अद्दल घडू दे, असं मी खरोखरच मनात म्हटलं.

त्या दुसऱ्या सोमवारनंतरच्या गुरुवारी, अकराच्या सुमाराला शाळेत मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच होती. मागे टीव्ही नव्हता, गाड्यांचे हॉर्न होते.

"ताय, तो दिवाळीत येतोय ना, मोठ्या कुटुंबाचा, त्याचं बुकिंग कधी सुरू होणार गो?"

"दिवाळीला अजून चार महिने आहेत," मी तुटकपणे म्हटलं.

"या टायमाला आपण दोघी एकत्र बघू. पेणला. मी येते तुझ्याकडं."

जन्मात पहिल्यांदा ती असं म्हणत होती. आणि मी काय बोलले? मी म्हटलं, "आधी मागचा बघ, मग पुढच्याच्या गोष्टी कर."

ती हळूच म्हणाली, "ताय, त्या आत्याचं शेवटी काय होतं? सांग ना गो."

"नियम म्हणजे नियम. बघून ये," असं म्हणून मी फोन ठेवला आणि सहावीच्या वर्गावर गेले.

फळ्यावर गणित लिहिता लिहिता माझा हात थांबला. शेवट विचारला तिने! शेवट सांगितला म्हणून चार दिवस अबोला धरणारी ती. जिच्याबद्दल मरता मरता आई मला म्हणाली होती, "हिला शेवट आधी सांगू नको हां," ती ही. तिने आयुष्यात कधी शेवट विचारला नव्हता. मग टीव्ही आठवला. घुमणारा आवाज आठवला. पंगतीतलं ते "व्हय, रडवलं" आठवलं. तो नंबर मी परत लावला. एका माणसाने उचलला. "ती बाई व्हय? हाय ना, बसलीय समोर. नागोठण्याचा स्टँड हाय हा, माझी चायची टपरी हाय."

मी अर्धी रजा टाकून निघाले. एसटी गडबला थांबली, पुढे एका ट्रकमागे रखडली, आणि मी पुढच्या सीटची दांडी धरून सगळा रस्ता उभीच होते. एकच भीती होती. मी तिला "बघून ये" म्हटलं होतं. माझं ऐकून ती रोह्याची गाडी धरून परत गेली असेल तर?

ती गेली नव्हती. बाकावर बसली होती, घरातल्या गाऊनवर ओढणी घेऊन, पायात मोठ्या मापाच्या पुरुषी सपाता. तिच्यासमोरून पेणच्या तीन आणि रोह्याच्या दोन गाड्या गेल्या होत्या, असं टपरीवाल्याने सांगितलं. मला बघून ती उठली नाही.

हळूहळू सगळं बाहेर आलं. तो शिफ्टला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचा. फोन त्याच्याकडेच असायचा. सोमवारी त्याची सुट्टी, तेव्हा तेवढा काढून स्पीकरवर लावून समोर ठेवायचा, म्हणजे पेणहून कोणी चौकशीला येऊ नये. "पिक्चरचं बोलायचं, घरातलं नाय," अशी ताकीद होती. रविवारी पेपर तिला वाचायला द्यायचा, आकडे पाठ व्हावेत म्हणून. मी दोन सोमवार फोन केला नाही, तेव्हा तो म्हणाला, "बघ, बहिणीलापण तू नकोशी झालीस." त्या गुरुवारी तो शिफ्टवरून येऊन झोपला होता. गॅसवाला सिलिंडर ठेवून गेला आणि दार उघडं राहिलं. त्याच्याच पाठोपाठ ही निघाली, समोर दिसल्या त्या नवऱ्याच्या सपाता घालून.

"हात उचलायचा का?" मी विचारलं.

"तेवढं नाय," ती म्हणाली. आणि तेवढं म्हणजे केवढं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग तिने पुन्हा विचारलं, "आत्याचं काय होतं गो?"

मी सांगितलं. ती किल्ली देव्हाऱ्यात ठेवते, हसत घराबाहेर पडते.

"कुठं जाते?"

"ते दाखवलेलं नाही," मी म्हटलं, आणि तिथेच, नागोठण्याच्या स्टँडवर, मला हुंदका फुटला.

तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. तक्रार दिली, कागद झाले. ती कामात हात लावते, पाहुण्यासारखी नाही तर माझ्या आईसारखी, न विचारता. पण कोणाचाही फोन वाजला की धावत जाऊन टीव्ही बारीक करते. आणि सोमवारी दीडला माझा फोन वाजतो. पलीकडून कोणी बोलत नाही. मागे टीव्ही मोठ्याने चालू असतो, मी "हॅलो" म्हटलं की बारीक होतो. नंबर बंद करून टाकला की दुसऱ्या नंबरवरून येतो.

दिवाळीचा तो सिनेमा आला. मी दोन तिकिटं काढली. ती म्हणाली, "अंधारात बसायला नको वाटतं, ताय. तू बघून ये. आणि आल्यावर मला आधी शेवट सांग. शेवट कळल्याशिवाय मला काय बघायचं नाय." आईने ऐकलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे.

म्हणून रविवारी दुपारी मी एकटीच गेले. हे गडबला एका बारशाला गेले होते. तिला आतून कडी लावायला सांगून निघाले. बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली. सिनेमा चांगला होता, हाऊसफुल्ल होता, लोक शिट्ट्या मारत होते. मध्यंतराच्या जरा आधी फोन थरथरला. अनोळखी नंबर. सोमवार नव्हता. मी कानाला लावला. या वेळी मागे टीव्ही नव्हता. मागे गाड्यांची घोषणा चालू होती, मी रोज शाळेत जाताना ऐकते त्याच आवाजात. पेणच्या स्टँडवरची.

मी कशी उठले, कोणाच्या पायावर पाय दिला, मला आठवत नाही. रिक्षावाल्याला "रामवाडी" म्हणून ओरडले. जिन्यावर कोणी नव्हतं. दाराला आतून कडी होती. मी हाक मारल्यावर तिने उघडली. हातात निवडायची मेथी होती.

"लवकर सुटला?" तिने विचारलं.

"छोटाच आहे," मी म्हटलं. मागे वळून कडी लावली, वरचा बोल्टही लावला.

"मग सांग शेवट."

मी तिच्यासमोर बसून मेथीची जुडी ओढून घेतली, हाताला काहीतरी हवं होतं म्हणून. आणि न बघितलेला शेवट सांगितला. तिन्ही भाऊ एकत्र येतात, धाकटी बहीण घरी परत येते, सगळे अंगणात जेवायला बसतात, आणि दाराशी कोणी येत नाही.

"खरं?"

"व्हय. मी बघितला ना."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. खोटं कसं सांगतात हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मग तिने उठून टीव्ही अगदी बारीक केला, माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "चांगला हाय. सोमवारी टिकेल."