लाल लागली की लाइन थांबते

ओव्हाळबाईंची नक्कल करायची तर आधी खडू तोडावा लागतो. नवा कोरा खडू घ्यायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, एक टेबलावर ठेवायचा आणि चष्म्याच्या वरून वर्गाकडे बघत म्हणायचं, "बरं का बाळांनो, असं असतं ते." विषय कुठलाही चालतो. हातच्याची बेरीज असो, झाडाची मुळं असोत, की कोणी कोणाच्या डब्यातली चटणी संपवलेली असो, बाईंचा शेवट ठरलेला. मी तिसरीत त्यांच्या वर्गात होते तेव्हापासून मला हे येतं. आता मी दहावीत आहे आणि माझा धाकटा भाऊ गणराज बाईंच्या तिसरीत आहे. तो रोज संध्याकाळी वर्गातलं सगळं घरी येऊन ओततो, त्यामुळे माझा माल ताजा राहतो.

शाळा निगडीची, महापालिकेची, ओटा स्कीमच्या वसाहतीला लागून. बाई आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात, पण वाढल्या पिंपरीत. त्यांचे वडील कंपनीत कायम रात्रपाळीला. ते दिवसा झोपायचे आणि घरातली भावंडं कुजबुजत भांडायची. बाई सांगतात की आम्ही एकमेकांचे केससुद्धा आवाज न करता ओढायचो. त्याचाच वचपा म्हणून की काय, बाईंना वर्गात गोंगाट लागतो. शेजारच्या वर्गाच्या बाई दार लावून घेतात. ओव्हाळबाई खिडक्या उघडतात.

गेल्या पावसाळ्यात त्यांना एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथल्या साहेबांनी दिवसभर "बालकांच्या भावनिक साक्षरतेचे सक्षमीकरण" केलं. बाईंनी घरी आल्यावर जिन्यातच मला त्या साहेबांची नक्कल करून दाखवली, दर वाक्याआधी पाण्याचा एक घोट घेऊन. माझ्यापेक्षा सरस केली, हे मी लिहून देते. मग म्हणाल्या, एवढंच सांगायचं होतं त्यांना, की पोराला आतून काय होतंय ते त्याला सांगता आलं पाहिजे, आणि त्यानं सांगितलं तर कोणीतरी ऐकलं पाहिजे. असं असतं ते.

प्रशिक्षणात चेहऱ्यांचा एक तक्ता मिळाला होता. हसरा, रडका, रागावलेला. बाईंना तो पटला नाही, कारण सगळे चेहरे टकले होते. त्यांचे मिस्टर चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. तिथं प्रत्येक मशिनच्या डोक्यावर तीन रंगांचा दिवा असतो. हिरवा म्हणजे चालू, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे थांबलं. आमच्या भागातल्या पोरांना हे पाढ्यांच्या आधी येतं. म्हणून बाईंनी प्लायवूडची फळी आणली, प्रत्येकाच्या नावाखाली एक खिळा ठोकला आणि बाटल्यांची हिरवी, पिवळी, लाल झाकणं भोक पाडून टोपलीत ठेवली. सकाळी आल्यावर आपल्याला जसं वाटतंय त्या रंगाचं झाकण आपल्या खिळ्याला लावायचं. दिवसात कधीही बदलायचं.

पहिल्या आठवड्यात सगळी झाकणं हिरवी. दुसऱ्या आठवड्यातही हिरवी. बाई खुश. आमचा गणराज घसरगुंडीवरून तोंडावर पडला, दात गेला, ओठाचा बटाटेवडा झाला, शर्टावर रक्त, आणि झाकण हिरवंच.

याच वर्गात पिंकी ढवळे. तिचे वडील नवनाथ परभणीकडचे, चाकणला कंपनीच्या असेंब्ली लाइनवर कामाला. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड, म्हणजे दुपारी निघायचं आणि मध्यरात्री परत. पिंकी इतकं हळू बोलायची की हजेरी घेताना बाई तिचे ओठ बघून तिची हजेरी लावायच्या. तिचा आवाज अधूनमधून एकाच वाक्यात ऐकू यायचा. अकराच्या सुमाराला ती पोट धरून उठायची आणि म्हणायची, "बाई, कसंतरी व्हायलंय."

आता 'कसंतरी' हा आपला फार सोयीचा शब्द आहे. ओकारी येत असली तरी कसंतरी होतं, भीती वाटली तरी कसंतरी होतं आणि भूमितीचा पेपर हातात आला तरीही. पण पोरानं पोट धरलं की त्याचा अर्थ पोट असाच होतो. बाई ओवा द्यायच्या आणि नवनाथभाऊंना फोन लावायच्या. ते झोपेतून उठून, केस उभे, शर्टाची बटणं वरखाली, अशा अवतारात गाडीवरून यायचे आणि तिला घेऊन जायचे. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. जातानाही फळीवर तिचं झाकण हिरवंच असायचं.

दिवाळीच्या आधी नवनाथभाऊ शाळेत आले ते पिंकीचा दाखला मागायला. हिला इथलं पाणी मानवत नाही, असं त्यांचं मत पडलं होतं. गावाकडं आजीपाशी ठेवतो, तिथल्याच शाळेत घालतो म्हणाले. बोलताना त्यांनी इतक्या वेळा घसा साफ केला की बाईंनी त्यांनाही ओवा देऊ केला. नको म्हणाले. बाईंनी शनिवारपर्यंत थांबा, तोवर तिला पाठवत राहा, एवढं कबूल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पिंकी आली आणि तिनं हिरवं झाकण लावलं. आईबापांपासून लांब जायची वेळ आलीय, ते तिला माहीत आहे, आणि झाकण हिरवं. मग बाईंनी सगळी फळी नीट बघितली आणि वर्गाला विचारलं की बाळांनो, या टोपलीतलं लाल झाकण कोणालाच कसं लागत नाही?

आमचे चिरंजीव गणराज उठले. "बाई, लाल लागली की लाइन थांबते."

मग सगळेच बोलायला लागले. लाइन थांबली की सुपरवायझर येतो. कोणी थांबवली म्हणून विचारतो. एकीच्या पप्पांना मेमो मिळाला होता. एकाचे काका तर मशिन बिघडलं तरी लाल लावत नाहीत, हातानंच ठोकून चालू ठेवतात. गणराजनं घराण्याला शोभेल असा सुपरवायझर करून दाखवला, कमरेवर हात ठेवून, "किसने रोका बे?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू तोडला, एक तुकडा टेबलावर ठेवला आणि पुढचं वाक्य आलंच नाही. गणराज घरी येऊन हे सांगत होता तेव्हा त्याचाही चेहरा जरा उतरला होता.

संध्याकाळी बाईंनी मिस्टरांना विचारलं. ते म्हणाले, ओरडतात हे खरंय, पण लाल लागली की आम्ही पान्हा घेऊन पळत येतो, ते पोरांना कोण सांगणार?

शुक्रवारी सकाळी फळीवर एक नवा खिळा होता, त्यावर नाव होतं 'बाई', आणि त्याला लाल झाकण. अख्खा वर्ग दप्तरं न उतरवता बघत राहिला.

"आज माझी लाइन थांबलीय," बाई म्हणाल्या. "काल मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची फडकी केली. त्या माझ्याशी बोलत नाहीत. मला कसंतरी होतंय."

यात बनाव काही नव्हता. त्यांच्या घरातली भांडी आदल्या संध्याकाळपासून फार जोरात आपटत होती, ते आम्हाला वर ऐकू येत होतं. मग बाईंनी नियम सांगितला. इथं लाल लागली की ओरडायचं नाही, मेमो नाही. मेंटेनन्स येईल. मेंटेनन्स म्हणजे कोण, तर आपण सगळे. पोरांनी लगेच काम हातात घेतलं. पाया पडा. भजी करून द्या. गणराज म्हणाला, फडकी शिवून परत द्या. बाईंनी तिन्ही उपाय गंभीरपणे ऐकून घेतले आणि भजी पसंत केली.

अकरा वाजता पिंकी उठली. पोट धरलं नव्हतं. फळीपाशी गेली, टाचा उंच करून हिरवं झाकण काढलं, लाल लावलं आणि जागेवर येऊन बसली. पोरांनी पेन्सिली खाली ठेवल्या. कोणी काही शिकवलं नव्हतं, पण लाइन थांबली. बाई तिच्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी हळूच विचारलं की कसंतरी नक्की कुठं होतंय.

"पोटात न्हाई बाई," पिंकी कुजबुजली. "पप्पा घरी असतेत तवा मी शाळेत. मी घरी जाते तवा पप्पा कंपनीत. पोट दुखलं की पप्पा न्यायला येतेत."

सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तिनं बापाला बघितलेलं असायचं ते फक्त झोपलेलं, आणि पप्पा झोपलेत, आवाज करू नको, हे घरात रोज सकाळी ऐकलेलं. म्हणून आवाज तसा. फर्स्ट शिफ्ट असली की तिचं पोट कधीच दुखत नव्हतं, आणि हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. बाई नंतर आमच्या आईला सांगत होत्या की पोरीनं ढोंग केलं असं समजू नका, तिचं खरंच दुखत होतं. आणि म्हणाल्या, मला तो कुजबुजता आवाज ओळखू यायला हवा होता, माझ्याच लहानपणच्या घरातला आहे तो.

फोन गेला. नवनाथभाऊ नेहमीच्याच अवतारात आले, पिंकीचं दप्तर उचलायला वाकले, तेव्हा बाईंनी त्यांना बाकावर बसवून सगळं सांगितलं.

"मंग पाणी न्हवं बाई," ते म्हणाले. "माझी शिफ्ट मानवंना झालीय तिला."

दाखल्याचं त्यानंतर कोणी बोललं नाही. ठरलं ते साधंच. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात नवनाथभाऊ सकाळी उठतात, तिची वेणी घालतात, तिला चालत शाळेत सोडतात, गाडीवरून नाही, कारण चालत वेळ जास्त लागतो. मग घरी जाऊन पुन्हा झोपतात. वेण्या एक वर, एक खाली असतात. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी एकदा त्या नीट करायला घेतल्या तर पिंकीनं डोकं मागं घेतलं. दिवाळीनंतर एकदा तिचं पोट खरोखर दुखलं, कच्ची बोरं खाऊन. तेव्हा बाईंनी ओवा दिला आणि तो लागू पडला.

फळीवर आता सगळे रंग असतात. गणराजनं लाल लावलं आणि कारण दिलं की ताई माझी नक्कल करते. त्यावर मेंटेनन्सनं त्याला सांगितलं की तूही तिची कर. तो करतो. वाईट करतो.

बाईंचं वाक्यही परत आलंय. सकाळी हजेरी सुरू होते, ढवळेंच्या नावाला बाई मान वर करत नाहीत, आणि पिंकी "हाजिर" असं ओरडते की शेजारचं दार धाडकन लागतं. "बरं का," बाई म्हणतात, "असं असतं ते." मला आता पिंकीची नक्कलही येते. आधी येत नव्हती, करायला आवाजच नव्हता.