घरी जायच्या आधी

दस्तगीर गेला त्या दिवशी मंगळवार होता. आष्ट्याहून त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी सांगलीत पुस्तकांना कव्हरं घालत होतो. फोन ठेवला आणि उरलेली कव्हरं घातली.

आष्ट्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक झालो, तो गावच्या पाणीपुरवठा संस्थेचा सचिव. आपला देश कितीतरी जागतिक संघटनांचा सभासद आहे, पण तिथे आपल्या वतीने काय कबूल केलं जातं याचा संसद पुरेसा जाब विचारत नाही, हा माझा आयुष्यभराचा विषय. तो त्याने माझ्याच व्हरांड्यात, चहा पीत ऐकलेला. मग संसदेच्या एका समितीने यावर लोकांकडून निवेदनं मागवली. मी चाळीस पानं पाठवली, इंग्रजीत, तळटीपांसकट. त्याने एक पान, मराठीत. साक्षीला बोलावणं त्याला आलं.

"तुझं वजनच लय झालं, गड्या. पोस्टमन दमला आसंल," तो म्हणाला. आणि मग, "चल की माझ्यासंगं." मी पेपर तपासायचे आहेत म्हणालो. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती, हे त्याला माहीत होतं…

ते एक पान त्याने मला आधीच दाखवलं होतं. त्यात लिहिलं होतं: आमच्या संस्थेचा ठराव घेऊन जो साखर कारखान्याच्या सभेला जातो, तो परतल्यावर घरी जायच्या आधी पारावर बसून काय झालं ते सांगतो. देशाचा माणूस बाहेरून परततो, तेव्हा तो आधी कुठे बसतो? एवढंच. माझ्या चाळीस पानांत हे वाक्य नव्हतं. आजही सलतं.

दिल्लीहून तो बॅग घेऊन थेट माझ्याकडे आला. व्हरांड्यातल्या लोखंडी खुर्चीत बसला. मी तिथल्या थंडीचं विचारलं, गाडीतल्या गर्दीचं विचारलं. समिती काय म्हणाली, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. कप खाली ठेवत तो म्हणाला, "बरं. येतो रं."

त्याच्या चाळिसाव्या दिवसानंतर आष्ट्याला गेलो. शहनाजवहिनी म्हणाल्या, "आवं भाऊजी, दिल्लीस्नं आले तवा आमी स्टँडवर हार घिऊन हुबं. लय उशीर केला. म्हनाले, ज्यानं धाडलं त्याला आदी सांगाय नगं का?"

समितीचा अहवाल मी मागवला. साक्षीदारांत त्याचं नाव आहे, माझं शेवटच्या पानावर, निवेदनं पाठवणाऱ्यांच्या यादीत, बारीक टाइपात. त्याच्या प्रश्नाला त्या खोलीत कोण काय म्हणालं, ते त्यात नाही.

लोखंडी खुर्ची व्हरांड्यात आहे. त्याला काय उत्तर मिळालं, ते मला माहीत नाही.