सतरा नंबरचा गुडघा

भुताखेतांवर माझा काडीइतकाही विश्वास नाही. मेलेल्या माणसांच्या सांध्यांवर पोट चालवणाऱ्या बाईला तो परवडतही नाही. तरी हे सांगतेय...

मिरजगावजवळ रस्ता रुंद करताना एक जुनी दफनभूमी लागली. तिथल्या सांगाड्यांमधला संधिवात तपासायचं काम माझ्याकडे आलं. खताच्या रिकाम्या गोदामात टेबलं मांडून मी आणि सुनील बसायचो. सुनील तिथलाच, चाळिशीचा, हाडं साफ करायला कंत्राटावर घेतलेला. आमच्याकडे प्रत्येक हाड दोनदा तपासतात – दुसऱ्यांदा तपासताना पहिल्या नोंदी बघायच्या नाहीत, म्हणजे आपलीच चूक सापडते.

सतरा नंबरच्या सांगाड्याचा उजवा गुडघा पहिल्यांदा तपासला तेव्हा निरोगी होता. फोटो आहे माझ्याकडे. आठवड्याने पाहिलं तर मांडीच्या हाडाचं टोक चकाकत होतं. गादी झिजून हाडावर हाड वर्षानुवर्षं घासलं की अशी चकाकी येते... चालत्याफिरत्या माणसाला.

संशय सरळ सुनीलवर. एक तर हाड बदललं, नाहीतर पॉलिश पेपर मारला.

"मॅडम, मी हाडं पुसतो, घासत न्हाई," तो म्हणाला. "ही नोकरी गेली तर परत ऊसतोडीला जावं लागंल. कशापायी करीन मी आसलं?"

मला पटलं नाही. माझ्या पीएचडीच्या गाइड सरांना फोन केला. "पुरावा दे, लगेच काढतो त्याला," ते म्हणाले. मग मी मांडीचं हाड श्रीगोंद्याला माझ्या खोलीवर नेलं आणि कपाटात कुलूपबंद केलं. नडगीचं हाड गोदामातच, सुनीलच्या ताब्यात. म्हटलं, घास आता बिनजोडीचं!

पुढच्या आठवड्यात कपाट उघडलं, तर हाडाखालच्या कापसावर पांढरी भुकटी सांडलेली. गोदामात दोन्ही हाडं जुळवली. मांडीच्या हाडावर खोल चरे होते, नडगीच्या हाडावरही – आणि ते एकमेकांत तंतोतंत बसत होते. खोटं कशाला सांगू, मी घाबरले.

सुनील लांबूनच म्हणाला, "आता बोला. मांडीचं हाड माज्याकडं हुतं का?"

सरांना सगळं सांगितलं. सुनीलने काही केलेलं नाही, हेही. त्यांनी किल्ल्यांची चौकशी केली.

"कपाटाची किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"आणि गोदामाची?"

"...एक माझ्याकडेही."

"मग सुनील नाही तर कोण, ते तूच सांग."

सुनीलची नोकरी टिकली. मी हाडांना हात लावते तेव्हा त्याने समोर बसून माझ्यावर नजर ठेवायची, असं सरांनी ठरवून दिलंय. तो ठेवतोही.